शपथ कोणाच्या साक्षीने?

१७ ऑक्टोबर १९४९ या दिवशी दिल्लीत संविधान सभेपुढे उद्देशिकेचा मसुदा चर्चेला आला. सदस्य ह. वि. कामथ यांनी दुरुस्ती मांडली, की 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत. दुरुस्ती लहान होती, पण तिच्यामुळे सभा ढवळून निघाली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी विचारले, की देवाचेच नाव का, देवीचे का नको? ते कामाख्येच्या प्रदेशातून आलेले होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामथांना विनवले, की ईश्वराला मतदानाच्या पेचात टाकू नका. हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले, की जी उद्देशिका प्रत्येकाला विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य देते, तिच्याच आरंभी एक श्रद्धा सर्वांच्या वतीने उच्चारणे विसंगत आहे. कामथांनी मतदानाचा आग्रह सोडला नाही. दुरुस्तीच्या बाजूने ४१ मते पडली आणि विरोधात ६८.

विरोध करणाऱ्यांचा रोख ईश्वरावर नव्हता, सक्तीवर होता. ज्याला देवाचे नाव घ्यायचे त्याने ते अवश्य घ्यावे, पण सर्व नागरिकांच्या तोंडी ते कोणी घालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच त्याच राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांना आणि लोकप्रतिनिधींना दोन वाटा दिल्या आहेत. कोणी ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, कोणी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोघांचेही पद सारखेच आणि दोघांवरचे बंधनही सारखेच.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही दुहेरी वाट परकी नाही. येथील नागरिकत्व स्वीकारताना उजवा हात वर करून जी शपथ आपण घेतो, तिच्या अखेरीस ईश्वराच्या साहाय्याची याचना येते. ज्याच्या सदसद्विवेकाला ते शब्द पटत नाहीत त्याला ते वगळून प्रतिज्ञा करण्याची मुभा नियमांतच दिलेली आहे. येथील राज्यघटनेनेही प्रारंभापासून राष्ट्राध्यक्षापुढे शपथ आणि प्रतिज्ञा असे दोन पर्याय ठेवले आहेत. १८५३ साली फ्रँकलिन पिअर्स यांनी प्रतिज्ञेचा पर्याय निवडला आणि त्यामुळे त्यांचे अध्यक्षपद काही कमी प्रतीचे ठरले नाही.

दोन प्रजासत्ताके, दोन राज्यघटना, आणि दोन्हींशी आपले नाते. एकीने आपल्या आईवडिलांना माणूस म्हणून उभे केले. दुसरीच्या छायेत आपली मुले वाढत आहेत. दोन्ही देशांत आज धर्म राजकारणाच्या मध्यभागी येऊन बसला आहे. अशा वेळी 'धर्म आणि राजकारण यांची फारकत असावी' एवढे एक वाक्य म्हणून थांबणे पुरेसे नाही. फारकत नेमकी कशाची, कोणाच्या रक्षणासाठी, आणि ती आपल्यालाही लागू आहे की नाही, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

भिंत कोणी बांधली?

अमेरिकेत राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांच्यामध्ये एक भिंत आहे असे आपण नेहमी ऐकतो. ही भिंत धर्म न मानणाऱ्यांनी उभारली असा समज पसरलेला आहे. इतिहास तसे सांगत नाही. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे राज्याचे अधिकृत चर्च होते. तेथे बॅप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांना परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल तुरुंगात टाकले जाई. स्वातंत्र्यानंतर १७८४ साली पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचे विधेयक मांडले. आपला कर कोणत्या पंथाला जावा हे करदात्याने सांगावे, अशी उदार सोयही त्यात होती. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ साली त्याविरुद्ध प्रसिद्ध निवेदन लिहिले. बॅप्टिस्टांनी आणि इतर लहान पंथांनी सह्यांचे अर्ज पाठवून ते विधेयक हाणून पाडले. पुढच्याच वर्षी, १७८६ मध्ये, थॉमस जेफर्सन यांनी पूर्वी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने मंजूर केला.

राज्यसत्तेने धर्माला दिलेला पैसा आज आपल्या पंथाला मिळतो म्हणून गोड वाटतो. उद्या तीच सत्ता आपला पंथ खरा की खोटा हे ठरवू लागते. हे त्या छळ सोसलेल्या माणसांनी ओळखले होते. १८०२ साली जेफर्सन यांनी ज्या पत्रात 'भिंत' हा शब्द वापरला, ते पत्रही कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्टांनाच लिहिलेले होते. त्या राज्यात तेव्हाही दुसऱ्याच पंथाचे अधिकृत चर्च होते, आणि ते १८१८ पर्यंत टिकले. थोडक्यात, भिंत बांधणारे हात श्रद्धावंतांचे होते. फक्त ते अल्पसंख्य श्रद्धावंत होते.

या भिंतीचा लाभ आपल्या मुलांना रोज मिळतो. सार्वजनिक शाळांत सकाळी जी राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हटली जाते, तिच्यात ईश्वराचा उल्लेख मुळात नव्हता. १९५४ साली, साम्यवादाशी चाललेल्या शीतयुद्धाच्या भरात, तो घालण्यात आला. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, ईश्वरावरील विश्वासाचे वाक्य राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेब आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा देत होते, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

तरीही आपल्या मुलीला किंवा मुलाला ती प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती सार्वजनिक शाळा करू शकत नाही. हे संरक्षण मिळवून दिले ते 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाच्या मुलांनी. ध्वजाला वंदन करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. नागरिकाने काय मानावे आणि काय उच्चारावे हे कोणताही अधिकारी ठरवू शकत नाही, असे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. महायुद्ध ऐन भरात असताना एका देशाने हा निर्णय घेतला, ही गोष्ट साधी नव्हे.

भिंतीच्या आत कोण?

मात्र अमेरिकेची भिंत एकाच दिशेने येणारा धोका डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली होती. राज्याने धर्मात हात घालू नये, ही तिची चिंता. धर्मानेच माणसाला पायाखाली घेतले तर काय, हा प्रश्न तिच्या बांधकामात फारसा नव्हता. ज्यांनी भिंत उभारली त्यांच्यातील कित्येकांच्या शेतांवर गुलाम राबत होते. गुलामगिरीचे समर्थन धर्मग्रंथाच्या आधाराने होत होते आणि तिचा धिक्कारही त्याच ग्रंथाच्या आधाराने होत होता. १८४५ साली दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी आपली वेगळी संघटना काढली, ती गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक नेमावे की नाही या वादातून. एकेकाळी स्वतः छळ सोसलेला हा पंथ दुसऱ्याच्या छळाचा आधार झाला. त्याबद्दल क्षमा मागणारा ठराव त्या संघटनेने केला तो १९९५ साली, दीडशे वर्षांनी.

भारताच्या घटनाकारांपुढचा प्रश्न याच्या उलट टोकाचा होता. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली आपल्या आजोबा-पणजोबांना जे अडवत होते, ते राज्याचे अधिकृत चर्च नव्हते. ती समाजात मुरलेली धर्मसत्ता होती. तिला राज्याच्या पैशाची गरज नव्हती. राज्याने डोळे मिटून घेतले तरी तिचे काम भागत होते. अशा देशात केवळ भिंत बांधली असती, तर भिंतीच्या आत कोंडलेल्या माणसाचा आवाज बाहेर आलाच नसता.

म्हणून बाबासाहेबांनी वेगळी रचना स्वीकारली. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्या भागातील इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवले. हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. २ डिसेंबर १९४८ रोजी सभेत बोलताना त्यांनी बजावले होते, की आपल्याकडे धर्माच्या कल्पनेने जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे आयुष्य व्यापले आहे. धर्माची व्याख्या आवरती घेतली नाही, तर कोणतीही सामाजिक सुधारणा शक्य होणार नाही.

या दोन रचनांमध्ये वरवर विरोध दिसतो. आम्हांला मात्र त्यांत एकच सूत्र दिसते. धर्मस्वातंत्र्य हे माणसाचे स्वातंत्र्य आहे. राज्याने ते चिरडू नये म्हणून भिंत हवी, आणि एका माणसाने त्याच स्वातंत्र्याच्या नावाखाली दुसऱ्या माणसाला दूर लोटू नये म्हणून भिंतीला दार हवे.

खानावळ आणि देऊळ

अमेरिकेलाही हे दार पुढे उघडावे लागले. १९५९ साली व्हर्जिनियातील एका न्यायाधीशाने आंतरवंशीय विवाह केलेल्या जोडप्याला शिक्षा सुनावली आणि पुढे ती कायम ठेवताना कारण दिले, की ईश्वराने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी ते मिसळावेत अशी त्याची इच्छा नव्हती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल आणि त्यामागचा कायदा रद्द केला. पुढच्या वर्षी दक्षिण कॅरोलायनातील बार्बेक्यू खानावळींच्या एका साखळीचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. काळ्या गिऱ्हाइकांना आत बसवून खाऊ घालणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा आपल्याला लागू होऊ नये, असा मालकाचा एक बचाव होता. न्यायालयाने तो उघडउघड पोकळ ठरवला.

याच्या साधारण दहा वर्षे आधी, १९५७ च्या अखेरीस, भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मुल्की येथील व्यंकटरमण मंदिराचे प्रकरण आले होते. मंदिर आमच्या ज्ञातीचे आहे, आत कोणाला घ्यायचे हे आमच्या धर्माचा भाग आहे, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. काही खास विधींपुरती त्यांची सोय न्यायालयाने राखली. पण दर्शनासाठी येणाऱ्या सर्व हिंदूंना दार उघडे ठेवणारा कायदाच श्रेष्ठ ठरला.

खानावळ आणि देऊळ यांत अंतर आहे, दोन देशांच्या कायद्यांतही अंतर आहे. पण दोन्ही ठिकाणी दाराशी उभ्या माणसाने एकच गोष्ट मागितली: तुझी श्रद्धा तुझ्यापाशी ठेव, मला मात्र अडवू नकोस.

जातीचा प्रश्न आणि धर्माची ढाल

हा इतिहास आज आपल्या दाराशी आला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले. परंतु ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते परत पाठवले. अस्तित्वात असलेल्या कायद्यांतील वंश, कुळ आदी शब्दांतच हे संरक्षण अंतर्भूत आहे, असे कारण त्यांनी दिले. या साऱ्या काळात विरोधकांचा मुख्य आक्षेप धर्माच्या नावाने होता. जातीचा उच्चार कायद्यात झाला, तर एका धर्माच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाईल, असे ते सांगत होते.

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. परदेशात अल्पसंख्य असलेल्या कोणत्याही समाजाला अशी भीती वाटू शकते, आणि आपणही येथे अल्पसंख्यच आहोत. पण कॅलिफोर्नियाच्या विधेयकाचा अंतिम मसुदा वाचला तर त्यात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. कुळाच्या व्याख्येत जातीचा समावेश करावा, एवढेच ते सांगत होते. जात दक्षिण आशियातील ख्रिस्ती, शीख आणि मुस्लिम समाजांतही आढळते, हे उघड सत्य आहे. तेव्हा कायद्याने नाव घेतले ते कृतीचे. धर्माचे नाव वादात आणले ते आक्षेप घेणाऱ्यांनी.

येथे आपल्यालाही एक पथ्य पाळावे लागते, आणि त्याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ती एका चळवळीची जाहीर कृती होती, आणि अन्यायाला पवित्र ठरवणाऱ्या ग्रंथाचा निषेध करण्याचा तिला पूर्ण हक्क होता. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. आज ते १७ वे कलम म्हणून आपण ओळखतो. त्या कलमात मनुस्मृतीचा उल्लेख नाही, कोणत्याही धर्माचे नाव नाही. कोणत्याही स्वरूपातील अस्पृश्यता पाळणे निषिद्ध, एवढेच तेथे आहे. दहन करणारे आणि कलम सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष एकच होते. चळवळीची भाषा कोणती आणि कायद्याची भाषा कोणती, हे त्यांना अचूक ठाऊक होते.

म्हणून नगर परिषदेपुढे किंवा विधिमंडळाच्या सुनावणीत आपण बोलायला उभे राहू तेव्हा घर भाड्याने देताना विचारलेले आडनाव, कार्यालयात अडवलेली बढती, भोजनाच्या वेळी जातीचा अंदाज घेणारे प्रश्न यांविषयी बोलावे. ज्याने आपला एकही ग्रंथ वाचलेला नाही आणि ज्याला बुद्धाविषयी काही ठाऊक नाही, त्या सदस्यालाही न्याय-अन्याय कळेल अशी कारणे द्यावीत. दुसऱ्याचा धर्म कसा वाईट आहे हे राज्याने जाहीर करावे, अशी मागणी आपण केली, तर राज्याच्या तोंडी धर्म घालण्याचे तेच काम आपण उलट्या दिशेने केले असे होईल.

धर्म प्रेरणा देऊ शकतो, हे आपण नाकारत नाही. मार्टिन ल्यूथर किंग हे पाद्री होते. माँटगोमेरीतील आंदोलनाच्या सभा चर्चमध्ये भरत. पण त्यांच्या चळवळीतून उभा राहिलेला १९६४ चा कायदा वाचायला ख्रिस्ती असण्याची गरज पडत नाही. प्रेरणा चर्चमधली होती, मागणी सर्वांची होती. प्रजासत्ताकात धर्माला याहून अधिक जागा मागता येत नाही, आणि याहून कमी जागा देण्याचेही कारण नाही.

आपल्या घरची कसोटी

दुसऱ्याच्या धर्माला लावलेली कसोटी आपल्या धर्माला लावताना हात थरथरतो. तरी ती लावली पाहिजे.

मे १९५० मध्ये बाबासाहेब श्रीलंकेत कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित होते. डिसेंबर १९५४ मध्ये ते ब्रह्मदेशात रंगूनच्या परिषदेला गेले. दोन्ही देश नुकते स्वतंत्र झाले होते आणि दोन्ही बौद्धबहुल होते. पुढे काय झाले? श्रीलंकेत १९५६ साली, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी, भिक्खूंच्या राजकीय आघाडीच्या पाठिंब्याने बंदरनायके सत्तेवर आले आणि केवळ सिंहली हीच राजभाषा ठरवणारा कायदा झाला. तमिळ नागरिक आपल्याच देशात दुय्यम झाल्यासारखे झाले. बंदरनायके पुढे थोडी तडजोड करू पाहत होते, ती भिक्खूंच्या विरोधामुळे मोडली. १९५९ साली त्यांचा खून झाला, आणि गोळ्या झाडणारा चीवरधारी भिक्खू होता. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला सर्वांत अग्रस्थान दिले. १९७८ च्या घटनेनेही ते कायम ठेवले. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या बेटावर यादवी युद्ध चालले. त्याची कारणे अनेक आहेत आणि दोष एकाच बाजूचा नाही. पण राज्याने एका धर्माला उच्चासन दिल्याने तेथे मैत्री वाढली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

ब्रह्मदेशात ऊ नू यांनी १९६१ साली बौद्ध धर्माला राजधर्म केले. ख्रिस्ती वस्तीच्या डोंगराळ भागांत असंतोष पसरला. पुढच्याच वर्षी, मार्च १९६२ मध्ये, लष्कराने सत्ता बळकावली आणि लोकशाहीच बुडाली. ज्या देशांकडे आपण धम्माची भूमी म्हणून आदराने पाहतो, तेथे राज्याच्या हाती गेलेल्या धम्माने करुणा गमावली.

भारताच्या ध्वजावर अशोकाचे चक्र आहे, राजमुद्रेवर सारनाथचे सिंह आहेत. त्यांचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु बाबासाहेबांच्या हाती लेखणी असताना त्यांनी बौद्धांसाठी राज्यात कोणतेही अग्रस्थान लिहिले नाही. राज्यघटना पूर्ण झाल्यानंतर सात वर्षांनी, मंत्रिपद सोडून पाच वर्षे झाल्यावर, एक साधा नागरिक म्हणून त्यांनी नागपूरच्या भूमीवर दीक्षा घेतली. राज्याचा हात धरून ते धम्माकडे गेले नाहीत, आणि धम्माचा हात धरून त्यांनी राज्य मागितले नाही.

ही कसोटी आणखी एका ठिकाणी लावायला हवी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना तो मिळाला, पण बौद्धांना नाही. त्यामुळे दीक्षा घेतलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांना केंद्राच्या सवलतींना मुकावे लागले. अनेकांनी मनाने बुद्धाला शरण जाऊनही कागदावर जुनाच धर्म ठेवला. धर्म बदलला म्हणजे जातीचे चटके थांबतात, असे गृहीत धरणारा तो नियम खोटा होता, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? १९९० च्या दुरुस्तीने आपल्यापुरता तो अन्याय दूर झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी तो आजही तसाच उभा आहे. आरक्षणाच्या वाटणीचे प्रश्न अवघड आहेत, आणि ते शांतपणे सोडवावे लागतील. पण नागरिकाचा हक्क त्याच्या धर्मावर ठरू नये, हे तत्त्व आपला लाभ पदरात पडताच विसरणे आपल्याला शोभणारे नाही.

आणि ज्यांना हा विषय जुना वाटतो त्यांनी गुजरातकडे पाहावे. तेथे २००३ च्या कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या गृहविभागाने परिपत्रक काढून स्पष्ट केले, की बौद्ध धम्म स्वीकारतानाही ही परवानगी लागेल. नागपूरला १९५६ साली लाखो माणसांनी हात जोडले तेव्हा ते कोणाही अधिकाऱ्याला विचारून आले नव्हते.

धम्म सामाजिक आहे, मग राजकारणाबाहेर कसा?

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. धर्म ही व्यक्तीची खाजगी बाब, धम्म मात्र मूलतः सामाजिक, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादन केले. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की ती लागते. मग सामाजिक धम्म राजकीय जीवनापासून वेगळा कसा ठेवता येईल?

उत्तर आपल्याला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या त्रयीत सापडते. ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या, शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. त्यांपैकी स्वातंत्र्य आणि समता यांचे रक्षण कायदा काही अंशी करू शकतो. बंधुता मात्र कोणत्याही कायद्याला निर्माण करता येत नाही. न्यायालय शेजाऱ्याला घर भाड्याने द्यायला लावील. त्याच्या ताटातला घास गोड मानायला लावू शकणार नाही. ते काम मैत्रीचे, म्हणजेच धम्माचे आहे. प्रजासत्ताकाला धम्म हवा आहे तो येथे, माणसामाणसांतील व्यवहारात. तो हुकमाने आणला की मैत्री राहत नाही, आज्ञापालन उरते.

म्हणून विहारांतून आपल्या मुलांना आम्ही काय द्यावे, हा प्रश्न आम्हांला राजकीय प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो. शाळेतील प्रतिज्ञेच्या वेळी गप्प राहण्याचा हक्क त्यांना ठाऊक असावा, आणि शेजारचा विद्यार्थी मनोभावे ती म्हणत असेल तर त्याचा आदर करण्याची रीतही ठाऊक असावी. लुईझियानाने २०२४ साली प्रत्येक सार्वजनिक शाळेच्या वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि तो वाद न्यायालयांत गेला. अशा वेळी आपण म्हणू नये, की मग पंचशीलाचाही फलक लावा. पंचशील भिंतीवर टांगण्यासाठी नाही, आचरणासाठी आहे.

निवडणुकांच्या काळात विहाराच्या व्यासपीठावरून एखाद्या उमेदवाराची शिफारस करण्याचा मोह होतो. करमुक्त संस्थांनी निवडणुकीत पक्ष घेऊ नये, असा येथील कायदा १९५४ पासून आहे, आणि तो सैल करण्याचे प्रयत्न चालू आहेत. उद्या तो सैल झाला तरी आपण आपल्यापुरता तो पाळावा असे आम्हांला वाटते. विहारात मतदार नोंदणी व्हावी, कायद्यांची चर्चा व्हावी, दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात. पण त्रिशरण म्हणून झाल्यावर त्याच आसनावरून कोणाला मत द्यावे हे सांगितले जाऊ नये. धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेलही, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा कोणा एका पक्षासाठी नव्हता. तो भक्तांसाठी होता, आणि भक्त कोणत्याही समाजात होऊ शकतात, आपल्यातही.

आपल्या पूर्वजांना धर्माने दाराबाहेर ठेवले होते आणि राज्यघटनेने आत आणले. त्या घटनेची पहिली ओळ कोणाही देवाच्या नावाने सुरू होत नाही, म्हणूनच तिच्यातील 'आम्ही' या शब्दात आपणही आलो. तो शब्द ज्याच्यासाठी लहान केला जात असेल, मग तो ख्रिस्ती असो, मुस्लिम असो, देव न मानणारा असो किंवा रोज देवपूजा करणारा असो, त्याच्या बाजूला उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. येथेही आणि तेथेही.

जय भीम! नमो बुद्धाय!